फुटलेली कुपी

रँस हे फ्रान्सच्या ईशान्येकडचं जुनं शहर. ७ ऑक्टोबर १७९३ रोजी तिथल्या मुख्य चौकात माणसं जमली होती. चौकातला पंधराव्या लुईचा पुतळा आदल्या वर्षीच पाडलेला होता, चौथरा तेवढा शिल्लक होता. क्रांतिकारी संसदेने पाठवलेला लोकप्रतिनिधी फिलिप रुल त्या चौथऱ्याशी उभा राहिला. समोर बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची एक कुपी ठेवली होती. रुलने हातोडा उचलला आणि सगळ्यांदेखत तिचा चुरा केला.

एवढ्याशा बाटलीसाठी लोकप्रतिनिधीने मुद्दाम यावं, याचं कारण तिच्यातलं तेल. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने रँसमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा एक कबुतर ही कुपी चोचीत धरून स्वर्गातून उतरलं, अशी आख्यायिका. फ्रान्सच्या राजांना पुढे शतकानुशतकं रँसच्या कॅथेड्रलमध्ये याच तेलाचा अभिषेक होई. वाळून लालसर झालेल्या तेलाचा कण आर्चबिशप सोन्याच्या सुईने काढायचा, दुसऱ्या पवित्र तेलात कालवायचा आणि राजाच्या डोक्याला, छातीला, खांद्यांना लावायचा. त्यानंतर राजा चारचौघांसारखा माणूस उरत नसे. त्याच्या बोटांत रोग बरा करण्याची शक्ती येते, अशी लोकांची श्रद्धा होती.

तो रोग म्हणजे गंडमाळ. मानेवर गाठी येतात, त्या फुटतात, वाहतात. अभिषेक झालेला राजा रोग्याच्या गाठींना हात लावायचा, क्रुसाची खूण करायचा आणि म्हणायचा, ‘राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरं करतो.’ १४ जून १७७५ रोजी, राज्याभिषेकानंतर तीनच दिवसांनी, सोळाव्या लुईने रँसमध्ये सुमारे २४०० रोग्यांना असा हात लावला. उन्हाळ्याचे दिवस, एका ओळीत गुडघे टेकून बसलेली ती माणसं, आणि एकेकाच्या मानेला हात लावत पुढे सरकणारा वीस वर्षांचा तरुण राजा! त्यानंतर अठराच वर्षांनी त्याचं डोकं गिलोटिनखाली गेलं.

पण या श्रद्धेला तडा त्याच्याही आधी गेला होता. पंधराव्या लुईने १७३९ पासून हा विधी बंदच केला. स्पर्श करण्याआधी राजाने पापाची कबुली देऊन प्रसाद घ्यायला हवा, आणि त्याच्या उघड प्रेमसंबंधांमुळे धर्मगुरू त्याला तो द्यायला तयार नव्हते. शब्दही बदलले. अठराव्या शतकात ‘देव तुला बरं करतो’ याच्या जागी ‘देव तुला बरं करो’ आलं. मराठीत हा फरक जेमतेम एका अक्षराचा आहे, फ्रेंचमध्येही क्रियापदाच्या रूपाएवढाच. पण त्या एका रूपात खात्री गेली आणि आशा उरली.

हे बारकावे ज्याने जगापुढे आणले तो मार्क ब्लोक. १८८६ साली लियाँमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा इतिहासकार पहिल्या महायुद्धात चार वर्षं खंदकांत लढला. तिथे त्याने अफवा जवळून पाहिल्या. खोटी बातमी कुणी मुद्दाम रचावी लागत नाही. लोकांच्या मनात ती आधीच तयार असते, तिला फक्त एखादं निमित्त लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं. युद्धानंतर स्ट्रासबूरच्या विद्यापीठात शिकवताना त्याने राजांच्या स्पर्शावर ग्रंथ लिहिला. तो १९२४ साली प्रसिद्ध झाला. लोकांना इतकी शतकं फसवलं कसं, यापेक्षा ब्लोकला वेगळा प्रश्न पडला होता: रोग बरा होत नसतानाही श्रद्धा टिकली कशी? त्याचं उत्तर साधं आणि खोल आहे. गंडमाळ अधूनमधून आपोआप कमी होते. एखाद्याच्या गाठी बसल्या की ते यश राजाचं. बसल्या नाहीत, तर रोगी पुन्हा रांगेत येई. राजाकडून चमत्कार होणारच अशी सगळ्यांची अपेक्षा होती, म्हणून तो होत असे. ही एका माणसाची लबाडी नव्हती, साऱ्या समाजाची मिळून झालेली चूक होती. राजसत्ता सैन्यावर आणि कर-वसुलीवर चालते हे सगळ्या इतिहासकारांना ठाऊक होतं. ती गाठींवर ठेवलेल्या हातावरही चालते, हे ब्लोकने दाखवलं.

राजाला मारलं की हे सगळं संपेल, असं क्रांतिकारकांना वाटलं होतं का? त्यांची कृती पाहता त्यांना स्वतःलाच तशी खात्री नसावी. २१ जानेवारी १७९३ रोजी, आज ज्याला प्लास द ला काँकॉर्द म्हणतात त्या चौकात, सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. गर्दीतल्या काहींनी पुढे होऊन त्याच्या रक्तात हातरुमाल बुडवले. ते रक्त त्यांच्या लेखी अजून साधं नव्हतं. त्या वर्षी सँ-दनीच्या चर्चमधली राजघराण्याची थडगी उघडली गेली आणि शतकांपूर्वी मेलेल्या राजांचे अवशेष खड्ड्यात टाकले गेले. ज्याच्यात काहीच शक्ती उरलेली नाही, त्यावर माणूस एवढे श्रम घेत नाही.

जुनं उखडून मोकळी झालेली जागा लगेच भरावीशीही वाटू लागली. ८ जून १७९४ रोजी क्रांतिकारकांचा नेता रोबेस्पिअर याने पॅरिसमध्ये ‘परमतत्त्वाचा उत्सव’ केला. आखणी चित्रकार दाव्हिदची. तुइलरीच्या बागेत नास्तिकतेचा एक पुतळा उभारला होता. रोबेस्पिअरने मशालीने त्याला आग लावली; तो जळून गेल्यावर आतून शहाणपणाची मूर्ती प्रकट व्हायची होती. झालीही, पण धुराने काळवंडलेली. तिथून मिरवणूक शाँ द मार्स मैदानावर रचलेल्या कृत्रिम डोंगराकडे गेली आणि रोबेस्पिअर त्याच्या माथ्यावर चढला. माणूस डोंगरावरून धर्म घेऊन खाली येतो, हे दृश्य पाहणाऱ्यांना परिचयाचं होतं, आणि त्याच्या साथीदारांना त्याचीच धास्ती वाटली. त्यानंतर ५० दिवसांनी त्याचंही डोकं उडवण्यात आलं.

कुपीचं मात्र वेगळंच झालं. हातोडा पडण्याच्या आदल्या दिवशी एका धर्मगुरूने आणि नगरपालिकेच्या एका सदस्याने तिच्यातलं थोडं सुकलेलं तेल काढून लपवलं होतं, असं पुढे सांगण्यात आलं. काचेचे काही तुकडेही कुणीकुणी जपून ठेवले. राजेशाही परत आल्यावर २९ मे १८२५ रोजी दहाव्या शार्लचा राज्याभिषेक झाला तो त्याच अवशेषांच्या आधारावर, नव्या कुपीतून. दोन दिवसांनी त्याने रँसच्या रुग्णालयात शंभराहून थोड्या अधिक रोग्यांना स्पर्श केला. पन्नास वर्षांपूर्वी २४०० होते. विधी तोच, तेल तेच, शब्द तेच. माणसं मात्र आली नाहीत. पाच वर्षांनी झालेल्या उठावात शार्लला देश सोडावा लागला. जोसेफ द मेस्त्रसारखे राजनिष्ठ लेखक बजावत आले होते की ज्या सत्तेचा उगम माणसाला दिसतो त्या सत्तेपुढे तो झुकत नाही, उगम धुक्यातच हवा. हा विचार बिनबुडाचा नव्हता. पण एकदा विरलेलं धुकं हुकूम काढून परत पसरवता येत नाही, हे रँसच्या त्या रुग्णालयात दिसलं.

त्या काळात हे पावित्र्य कुठे ठेवावं याबद्दलची ओढाताण पाहायची असेल, तर पॅरिसमधली एकच इमारत पुरेशी आहे. पंधराव्या लुईने १७४४ साली दुखण्यातून उठल्यावर नवस फेडायला संत जनव्हिएव्हचं भव्य चर्च बांधायला घेतलं. ते पुरं होईतो क्रांती आली. १७९१ मध्ये संसदेने त्याचं पाँथेऑन केलं, म्हणजे राष्ट्राच्या थोर पुरुषांचं समाधिस्थळ. व्हॉल्तेर आला, रूसो आला. मिराबो आला आणि नंतर बाहेर काढला गेला. मारा आला, तोही काही महिन्यांत बाहेर. नेपोलियनने तिथे पुन्हा पूजा सुरू केली, पुढच्या राजांनी पूर्ण चर्च केलं, १८३० मध्ये परत पाँथेऑन, १८५१ मध्ये परत चर्च. १८८५ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या अंत्ययात्रेसाठी ते कायमचं पाँथेऑन झालं. कळसावरचा क्रूस तेव्हा काढला नाही. तो आजही तिथेच आहे.

या साऱ्या गोंधळाला पहिल्यांदा नीट शब्द दिले ते एका राब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, मुलाने. एमिल दुर्खीम १८५८ साली लोरेन प्रांतातल्या एपिनाल गावी जन्मला. पिढ्यान्‌पिढ्या घरात राब्बीपण चालत आलेलं. त्याने ते सोडलं आणि समाजशास्त्राची वाट धरली. त्याच्या विचाराला धार आली ती मात्र ग्रंथालयात नव्हे, एका लष्करी मैदानाच्या निमित्ताने.

५ जानेवारी १८९५. पॅरिसमधल्या लष्करी विद्यालयाचं आवार. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस, ज्यू अधिकारी, जर्मनीला गुपितं विकल्याच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरलेला. सैन्याच्या तुकड्या चारी बाजूंनी उभ्या. एक धिप्पाड शिपाई पुढे आला. त्याने ड्रेफसच्या टोपीवरची, बाह्यांवरची, खांद्यांवरची चिन्हं एकेक ओरबाडून काढली, गणवेशाची बटणं तोडली, आणि शेवटी त्याची तलवार गुडघ्यावर आपटून मोडली. ड्रेफस ओरडून सांगत होता की तो निर्दोष आहे. फाटक्या कोटात त्याला सैनिकांच्या रांगांपुढून फिरवलं. कुंपणाबाहेर जमाव ज्यूंच्या नावाने मरणाच्या घोषणा देत होता. राजाला तेल लावून माणसांपेक्षा वर उचलायचा तो एक विधी होता, आणि माणसाला माणसांतून उठवायचा हा दुसरा.

१३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोलाचं ड्रेफसच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं खुलं पत्र छापून आलं आणि देश दुभंगला. समीक्षक फेर्दिनाँ ब्रुनतिएरने लिहिलं की सैन्याच्या आणि न्यायालयाच्या निर्णयावर बोट ठेवणारे हे विद्वान स्वतःला समाजापेक्षा मोठे समजतात. असा व्यक्तिवाद म्हणजे अराजक. दुर्खीमने त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर दिलं, आणि ते ब्रुनतिएरला अगदीच अनपेक्षित होतं. समाजाला एकत्र बांधणारी श्रद्धा हवी, हे त्याने मान्यच केलं. पण आज सगळ्यांमध्ये समान अशी कोणती गोष्ट उरली आहे? पंथ वेगळे, व्यवसाय वेगळे, मतं वेगळी. समान आहे ते फक्त माणूसपण. तेव्हा या काळात पवित्र काही असेल तर ती माणसाची व्यक्ती. तिच्यावर अन्याय होतो तेव्हा देवळात अमंगळ घडल्यासारखा आपल्या अंगावर काटा येतो, आणि राज्याच्या हिताचं कारण सांगून कुणालाही तो अन्याय करता येणार नाही. म्हणजे ड्रेफसला वाचवू पाहणारे धर्म बुडवत नव्हते. त्या काळाला शक्य असलेला एकमेव धर्म पाळत होते. फ्रान्समध्ये पावित्र्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, त्यात याहून निर्भय पानं क्वचितच सापडतील. एका बाजूला अख्खं सैन्य होतं आणि दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडच्या बेटावर कैदेत पडलेला एकटा माणूस. दुर्खीमने पवित्र हा शब्द उचलून त्या माणसापाशी नेऊन ठेवला.

ड्रेफसची निर्दोष मुक्तता १९०६ साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ९ डिसेंबर १९०५ रोजी, चर्च आणि राज्य वेगळे करणारा कायदा झाला. राज्य सदसद्‌विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं. कुठल्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. चर्चच्या मालमत्तेची यादी करायला सरकारी माणसं गेली तेव्हा गावोगावी लोक दारं अडवून बसले. मार्च १९०६ मध्ये बेल्जियमच्या सीमेजवळच्या बशेप गावी चर्चमध्येच गोळी लागून एक जण मेला, आणि त्यावरून सरकार पडलं. पुढे हळूहळू निवळलं. जुनी कॅथेड्रलं राज्याच्या मालकीची झाली, पूजेचा हक्क चर्चकडे राहिला. म्हणूनच २०१९ च्या आगीत होरपळलेल्या नोत्र दामची दुरुस्ती सरकारने हाती घेतली, आणि ७ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी आर्चबिशपने आपल्या धर्मदंडाने बंद दार ठोठावून ते उघडायला लावलं.

स्ट्रासबूर आणि मेसच्या परिसरात तर तो कायदा आजही लागू नाही. १९०५ मध्ये तो भाग जर्मनीकडे होता. परत आला तेव्हा नेपोलियनच्या काळातला चर्चशी झालेला करार तसाच ठेवला गेला. तिथल्या धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो आणि तिथल्या दोन बिशपांची नेमणूक औपचारिकपणे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष करतो. धर्मनिरपेक्षतेच्या बाबतीत सर्वांत कडक मानल्या गेलेल्या देशात!

१९१२ मध्ये दुर्खीमचा मोठा ग्रंथ आला. पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, हात लावायला मनाई असलेलं, असं तो म्हणतो. मराठी वाचकाला सोवळ्यातली भांडी आठवली की अर्धं काम झालं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या मेळाव्यांची वर्णनं वाचून त्याने ताडलं की माणसं एकत्र येऊन नाचतात, गातात, तेव्हा त्यांना आपल्याहून मोठी शक्ती जाणवते. ती शक्ती खरीच असते, आणि ती समाजाची असते. सैनिक कापडाच्या तुकड्यासाठी, झेंड्यासाठी मरतो, तो याच शक्तीमुळे. या विचारपरंपरेवर भारताचंही ऋण आहे. दुर्खीमचा भाचा मार्सेल मॉस सिल्व्हाँ लेव्हीकडे संस्कृत शिकला होता, आणि १८९९ मध्ये त्याने आँरी ह्युबेरबरोबर यज्ञावर जो निबंध लिहिला, त्याचा कणा वैदिक पशुयागाचा आहे. दीक्षा घेऊन यजमान रोजच्या जगातून बाहेर पडतो आणि अवभृथस्नान करून परत येतो. पवित्राकडे जाताना जितकी काळजी, तितकीच तिथून परतताना, हा त्यांचा निष्कर्ष.

परतीच्या वाटेचा हा मुद्दा पुढे फार महाग पडला. १९१४ मध्ये झेंड्यासाठी मरायला निघालेल्या तरुणांत दुर्खीमचा मुलगा आंद्रे होता. १९१५ च्या अखेरीस तो बाल्कन आघाडीवर मरण पावला, आणि त्या दुःखातून न सावरलेला दुर्खीम १९१७ मध्ये वारला. १९३० नंतर न्युरेम्बर्गच्या मैदानांवर नाझींच्या मेळाव्यांत मशाली घेऊन लाखो माणसं एका तालात हलू लागली. मॉसने १९३६ आणि १९३९ मध्ये एका डॅनिश समाजशास्त्रज्ञाला पत्रं लिहून प्रांजळपणे कबूल केलं: मोठमोठे आधुनिक समाज ऑस्ट्रेलियातल्या नाचणाऱ्यांसारखे भारून जाऊ शकतील, लहान मुलांसारखे गरगर फिरवले जातील, हे आम्हाला दिसलं नव्हतं. आमचं म्हणणं खरं ठरलं, पण या वाटेने ते खरं ठरेल अशी अपेक्षा आम्ही केली नव्हती. ज्याने आयुष्यभर यज्ञ, दान आणि प्रार्थना अभ्यासली त्या मॉसला पुढे जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये कोटावर पिवळा तारा लावून फिरावं लागलं.

मॉसच्या त्या पत्रांच्याच काळात पॅरिसच्या एका पुस्तकाच्या दुकानामागे जोर्ज बाताय, रोजे कायवा आणि मिशेल लेरिस ‘समाजशास्त्राचं महाविद्यालय’ भरवत होते. १९३७ ते १९३९, जेमतेम दोन वर्षं. फॅसिस्टांनी पावित्र्य आपल्या ताब्यात घेतलंय, तर लोकशाहीवाद्यांनी ते कोरड्या भाषणांवर सोडून कसं चालेल, ही त्यांची तळमळ. बातायने डोकं नसलेल्या माणसाचं चिन्ह निवडलं: नेता नाही, राजा नाही. त्याच्या गुप्त गटाच्या नियमांत दर वर्षी २१ जानेवारीला काँकॉर्द चौकात राजाच्या शिरच्छेदाचं स्मरण करायचं, असा नियम होता. बातायची ओढ मृत्यूकडे आणि रक्ताकडे होती, आणि ती वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. लेरिस मात्र जानेवारी १९३८ मध्ये उभा राहिला आणि लहानपणच्या घरातल्या पवित्र वस्तूंबद्दल बोलला: वडिलांची उंच टोपी, त्यांचं पिस्तूल, घरातली शेगडी, आईवडिलांची खोली. या तिघांत त्याचं बोलणं सर्वांत जास्त टिकलं, कारण त्यात गर्दीची गरज नव्हती.

युद्धानंतर या प्रश्नाला नवी कलाटणी दिली क्लोद लफॉरने. रशियातल्या हुकूमशाहीचा अभ्यास करत तो मार्क्सवादातून बाहेर पडला होता. १९८० च्या दशकात त्याने मांडलं की राजाच्या देहात पूर्वी अख्खं राज्य मूर्त होतं. त्याचं डोकं उडालं तेव्हा ती जागा मोकळी झाली. लोकशाही म्हणजे ती जागा मोकळीच ठेवण्याची शिस्त. निवडून आलेला माणूस तिथे काही काळ काम करतो, ती त्याची होत नाही. ‘मीच लोक’ असं म्हणत कुणी त्यात कायमचा बसला, की एकपक्षीय सर्वंकष सत्ता सुरू होते. लफॉरचा हा विचार दुर्खीमच्या विचाराला पूरक वाटतो: पवित्र असेल तर ती खाली उभी असलेली प्रत्येक व्यक्ती, वरचं आसन नव्हे. मार्सेल गोशेने १९८५ मध्ये ख्रिस्ती धर्मानेच युरोपला धर्मातून बाहेर पडायची वाट दिली असं लिहिलं, तेही याच चर्चेतून. चारच वर्षांनी क्रेई गावच्या शाळेत तीन मुस्लिम मुली डोक्याला रुमाल बांधून आल्या, त्यावरून वाद पेटला, आणि २००४ मध्ये शाळेत ठळक धार्मिक चिन्हं वापरायला बंदी आली. १९०५ च्या कायद्याने बंधन राज्यावर घातलं होतं. या कायद्याने ते विद्यार्थ्यावर घातलं. फरक मोठा आहे, आणि फ्रान्समध्ये त्यावरचा वाद मिटलेला नाही.

मार्क ब्लोक १९३९ मध्ये, ५३ व्या वर्षी, पुन्हा गणवेश चढवून युद्धावर गेला. १९४० मधल्या फ्रान्सच्या पराभवानंतर काही आठवड्यांतच त्याने त्या पराभवाची चिकित्सा लिहून लपवून ठेवली. तीत तो म्हणतो की रँसच्या राज्याभिषेकाच्या आठवणीने ज्यांना काहीच होत नाही, आणि क्रांतीच्या १७९० च्या राष्ट्रीय उत्सवाचं वर्णन वाचून ज्यांचं मन हलत नाही, त्या दोघांनाही फ्रान्सचा इतिहास कधीच कळणार नाही. राजाच्या स्पर्शाला समाजाची चूक ठरवणारा हाच माणूस. पुढे तो लियाँमध्ये प्रतिकार चळवळीत उतरला. मार्च १९४४ मध्ये पकडला गेला, त्याचे हाल केले गेले, आणि १६ जूनला इतर कैद्यांबरोबर एका शेताजवळ त्याला गोळ्या घातल्या.

१९४१ च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की आपल्या मृत्यूनंतर हिब्रू प्रार्थना म्हटल्या जाऊ नयेत, कारण त्यांवर आपली श्रद्धा नव्हती; पण ज्यू म्हणून जन्मल्याचं आपण कधी नाकारलं, असंही कुणी समजू नये. थडग्यावर आपण सत्यावर प्रेम केलं एवढंच लॅटिनमध्ये कोरावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्रासबूरला, जिथे त्याने राजांच्या स्पर्शाचा ग्रंथ लिहिला त्या शहरात, राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की ब्लोकला पाँथेऑनमध्ये स्थान दिलं जाईल. म्हणजे पंधराव्या लुईच्या नवसाच्या त्या इमारतीत, क्रूस असलेल्या कळसाखाली.